लेकरांची पोटगी : एका हिशेबाचा इतिहास

उत्पत्तीच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय मिस्सेत वाचला जातो तेव्हा प्रवचनाचा रोख बहुधा इसहाकाकडे व देवाने दिलेल्या वचनाकडे असतो. त्याच अध्यायातील एका लहानशा तपशिलाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सारेच्या आग्रहावरून अब्राहाम हागारेला व तिच्या मुलाला घराबाहेर काढतो. पहाटे उठून तो तिला भाकरी आणि पाण्याची मसक देतो आणि वाटेला लावतो. बैर-शेब्याच्या रानात मसकेतील पाणी संपते आणि आई लेकराला झुडपाखाली टाकून, त्याचे मरण डोळ्यांना दिसू नये म्हणून, दूर जाऊन बसते. हा अब्राहाम काही कंगाल नव्हता. गुरेढोरे, सोने व रुपे यांनी तो संपन्न होता असे त्याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे. मुलाला वाचवले ते देवाने, बापाने दिलेल्या शिदोरीने नव्हे. संत पौलाने या प्रसंगाचा जो आध्यात्मिक अर्थ लावला तो आपल्या जागी आहेच. परंतु विभक्त झालेल्या आईबापांच्या मुलाला किती द्यावे आणि ते कशावरून ठरवावे, हा प्रश्न केवढा जुना आहे हे पाहण्यास ही कथा पुरेशी आहे.

आपल्या भाषेत या देण्याला पोटगी म्हणतात. पोटापुरते, एवढाच त्या शब्दाचा मूळ भाव. दोन वेळच्या भाकरीपलीकडे शाळा, औषधपाणी, अंगावरचे कपडे, राहण्याचा निवारा या गोष्टी त्या शब्दात दिसत नाहीत. कायद्यानेही पुष्कळ वर्षे पोटगीचा अर्थ तेवढाच घेतला. हा अर्थ हळूहळू कसा रुंदावत गेला, आणि त्या रुंदावण्यात ख्रिस्तसभेच्या जुन्या शिकवणुकीचे स्थान काय, हे या लेखात सांगावयाचे आहे. नगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांत नवराबायको वेगळे राहू लागल्याची उदाहरणे आता नवी राहिलेली नाहीत. त्यांविषयी दबक्या आवाजात पुष्कळ बोलले जाते. मुलांच्या खर्चाविषयी मात्र कोणी बोलत नाही.

युरोपच्या इतिहासात या प्रश्नाचे दोन निरनिराळे प्रवाह दिसतात. पहिला रोमन कायद्याचा. मुलांचे पालनपोषण नाकारणाऱ्या बापाला न्यायाधीशाने हुकूम करावा आणि रक्कम त्या बापाच्या ऐपतीच्या प्रमाणात ठरवावी, असे तत्त्व उल्पियन या रोमन विधिवेत्त्याच्या लेखनातून सम्राट जस्टिनियनच्या संहितेत आले. हे तत्त्व ख्रिस्तसभेने उचलले व एक पाऊल पुढे नेले. १२ व्या शतकाच्या अखेरीस पोप तिसरे क्लेमेंट (१८८७ नव्हे, ११८७ ते ११९१ हा त्यांचा काळ) यांच्यापुढे एक प्रकरण आले. त्यातील स्त्रीपुरुषांचा संबंध विवाह म्हणून ग्राह्य धरता येत नव्हता. त्यांनी वेगळे व्हावे हे उघड होते. परंतु त्या संबंधातून झालेल्या मुलांचे काय? पोपमहाशयांनी संबंधित धर्माधिकाऱ्याला कळवले की, त्या दोघांनीही, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, आपल्या मुलांना जे आवश्यक ते पुरवावे याची काळजी घ्यावी. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३४ साली प्रसिद्ध केलेल्या आज्ञासंग्रहाच्या चौथ्या पुस्तकात हा निर्णय समाविष्ट झाला.

या छोट्याशा वाक्यात तीन गोष्टी आहेत, आणि आजच्या न्यायालयांना त्या तिन्हींपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागली हे पाहिले म्हणजे नवल वाटते. एक, जबाबदारी दोघांची, एकट्या बापाची नव्हे. दोन, मोजमाप ऐपतीचे. तीन, आईबापांचा संबंध वैध होता की नव्हता याचा मुलाच्या हक्काशी काही संबंध नाही. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात अनौरस मूल हे कोणाचेच मूल नव्हते. त्याच इंग्लंडातील धर्मसभेची न्यायालये मात्र अशा मुलांच्या बापाला खर्च देण्याचा हुकूम करीत, तो या तत्त्वाच्या आधारावर.

दुसरा प्रवाह इंग्लंडच्या गरीबविषयक कायद्यांचा. १५७६ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात न्यायदंडाधिकाऱ्यांना असा अधिकार मिळाला की, विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या आईबापांकडून त्यांनी आठवड्याला ठरावीक रक्कम वसूल करावी. वरवर पाहता हीदेखील पोटगीच. पण हेतू वेगळा होता. त्या पोराचा भार गावाच्या वर्गणीवर पडू नये, एवढीच त्यामागची चिंता. मुलाला काय लागते, बापाची मिळकत किती, हे प्रश्न तेथे गौण होते. गावाची तिजोरी वाचली की काम झाले.

आपल्या देशात इंग्रजांनी आणला तो हा दुसरा प्रवाह. फौजदारी प्रक्रिया संहितेत बायकामुलांच्या पोटगीचे कलम घातले गेले आणि १८७२ च्या संहितेचे शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी त्याचा हेतू स्पष्टच सांगितला : माणसे निराधार होऊन भटकू नयेत, निदान त्या भटकण्याचे दुष्परिणाम टळावेत. पोटगीसारखी घरगुती बाब चोरी-मारामारीच्या कायद्यात का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर येथे आहे. उपाशी मूल हा सरकारच्या दृष्टीने शांततेचा प्रश्न होता.

१८९८ च्या संहितेत हे कलम ४८८ क्रमांकाचे झाले. औरस असो वा अनौरस, स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या मुलाला बापाने पोटगी द्यावी, असे त्यात होते. अनौरस मुलांचा स्पष्ट उल्लेख त्यात होता, याचे श्रेय द्यायला हवे. मात्र रकमेला मर्यादा होती : दरमहा जास्तीत जास्त ५० रुपये. १९२३ साली ती १०० रुपये झाली. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली ५०० रुपये. आणि मग ती तेथेच थांबली. १९७३ साली नवी संहिता आली, कलमाचा क्रमांक १२५ झाला, देशात सगळ्या वस्तूंचे भाव अनेक पटींनी वाढले, पण ५०० चा आकडा हलला नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९९ साली आपल्या राज्यापुरता तो १५०० केला. संपूर्ण देशासाठी मर्यादाच काढून टाकणारी दुरुस्ती संसदेने केली ती २००१ साली. म्हणजे ४६ वर्षे. १९५५ साली ५०० रुपयांत पाच तोळ्यांच्या आसपास सोने येत असे. २००१ साली त्याच रकमेत जेमतेम एक ग्रॅमभर. सोन्याचे उदाहरण देण्याचे कारण एवढेच की, आपल्या आयाबहिणींना त्यावरून हिशेब लगेच कळतो. बाप मोठा पगारदार असो की शेतमजूर, दंडाधिकाऱ्यांच्या हाती त्या मर्यादेपलीकडे काही नव्हते. तेथे ऐपतीचा विचार तरी कोठून होणार?

या काळात एक निकाल मात्र आवर्जून सांगण्यासारखा आहे. ५०० ची मर्यादा ही आई आणि सगळी मुले मिळून, की प्रत्येकाला स्वतंत्र? कायद्यातील शब्द संदिग्ध होते आणि वकील मंडळी त्यांचा अर्थ बापाच्या सोयीने लावीत. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला की, मर्यादा प्रत्येक व्यक्तीला वेगळी लागू होते. अन्न, वस्त्र, औषध इत्यादी सर्व बाबी मिळून एका व्यक्तीला ५००, असा त्या शब्दांचा अर्थ आहे. दोन मुले असलेल्या आईच्या दृष्टीने या एका वाक्याने रक्कम तिप्पट झाली. मुले जितकी अधिक तितका प्रत्येकाचा घास लहान, हा उलटा हिशेब त्या दिवशी संपला.

आता आपल्या ख्रिस्ती समाजापुरता असलेला कायदा पाहू. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा हा आपल्यासाठी केलेला. त्यात पत्नीच्या तात्पुरत्या पोटगीचे गणित बांधून दिले होते : पतीच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक पंचमांशापेक्षा अधिक नाही. हा पंचमांश इंग्लंडच्या धर्मसभेच्या न्यायालयांतील वहिवाटीतून आला होता. मुलांसाठी असे गणित नव्हते. ताबा, पोषण व शिक्षण याविषयी न्यायालयाला योग्य वाटेल तो हुकूम करावा, एवढेच म्हटले होते. परंतु अल्पवयीन मूल कोणाला म्हणावे हे ठरवताना कायदेकर्त्यांनी जे केले ते वाचून आजही मन विषण्ण होते. युरोपियन बापाचे अविवाहित मूल १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत अल्पवयीन. एतद्देशीय बापाचा मुलगा मात्र १६ वर्षांपर्यंतच आणि मुलगी केवळ १३ वर्षांपर्यंत. म्हणजे पुण्यातील गोऱ्या अधिकाऱ्याची लेक आणि राहुरी तालुक्यातील एखाद्या ख्रिस्ती शेतमजुराची लेक, दोघींचा बाप्तिस्मा एकच, पण न्यायालयाच्या हिशेबात एकीला पाच वर्षे अधिक भूक लागत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत, १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी नगर जिल्ह्याच्या खेड्यांत कॅथोलिक श्रद्धेची पेरणी केली, तेव्हा कायद्याची स्थिती ही अशी होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या गरीब कुटुंबाला जिल्हा न्यायाधीशांसमोर घटस्फोट कायद्याखाली दावा लावणे परवडण्यासारखे नव्हते. घटस्फोटाचा हुकूम मिळाला तरी तो मुंबईच्या उच्च न्यायालयाने कायम करावा लागे. शिवाय पत्नीला केवळ पतीचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य अथवा परित्याग असे दुसरे कारण दाखवावे लागे. पतीला मात्र पत्नीचा व्यभिचार एवढेच पुरत असे. हा भेद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली घटनाबाह्य ठरवला आणि २००१ च्या दुरुस्तीने कायद्यातूनही तो गेला. त्याच दुरुस्तीत पंचमांशाची मर्यादा रद्द झाली आणि मुलांच्या तात्पुरत्या पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावा असे ठरले.

मग मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याकडील विभक्त कुटुंबांतील मुलांचे झाले काय? पुष्कळ ठिकाणी आई माहेरी गेली आणि मामांनी भाचरांना वाढवले. कोठे गावच्या चार वडीलधाऱ्यांनी, कोठे मिशनच्या ओट्यावर बसून फादरांनी, दाणेगोटे व दोन जोड कपडे ठरवून दिले. आणि कोठे मुले बोर्डिंगात आली. बोर्डिंगांनी शेकडो मुलांचे कल्याण केले यात शंका नाही. मी स्वतः त्यांच्याच अन्नावर वाढलेल्या पिढीतील आहे. पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. बोर्डिंगाने मुलाला ताट दिले, तेव्हा बापाच्या डोक्यावरचे ओझेही आपोआप उतरले, आणि ते त्याच्या डोक्यावर परत ठेवण्याचे काम आम्ही धर्मगुरूंनी फारसे केले नाही. दयेचे काम करता करता न्यायाचे काम मागे पडले.

ख्रिस्तसभेचा नियम तर तेव्हाही डळमळीत नव्हता. १९१७ च्या धर्मनियमसंहितेत मुलांच्या धार्मिक व ऐहिक संगोपनाचे कर्तव्य आईबापांवर गंभीरपणे टाकलेले होते. १९८३ च्या संहितेतील ११५४ वा नियम सांगतो की, पतिपत्नी विभक्त झाल्यावर मुलांच्या योग्य उदरनिर्वाहाची व शिक्षणाची तरतूद नेहमीच झाली पाहिजे. यातील ‘नेहमीच’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. दोष कोणाचा, घर कोणी सोडले, मुले कोणाकडे आहेत, यावर ती तरतूद अवलंबून ठेवलेली नाही.

आता आजचा हिशेब. पाश्चात्त्य देशांत यासाठी कोष्टके आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९८० च्या दशकात बापाच्या उत्पन्नाचे सरळ टक्के ठरवून दिले : एका मुलासाठी १७, दोघांसाठी २५, तिघांसाठी २९. ब्रिटनमध्ये १९९३ साली यासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा सुरू झाली. तिचे सूत्र इतके किचकट होते की २००३ पासून त्यांना साध्या टक्क्यांवर यावे लागले : एका मुलाला १५, दोघांना २०, तिघांना किंवा अधिक मुलांना २५. आपल्याकडे असे कोष्टक कायद्यात नाही. रक्कम न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवलेली आहे. तरी निकालांतून काही मापे तयार झाली आहेत आणि ती साध्या माणसालाही कळण्याजोगी आहेत.

पत्नीच्या पोटगीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली आणि पुन्हा २०१७ साली पतीच्या निव्वळ उत्पन्नाचा चौथा हिस्सा हे माप योग्य मानले. मुलांबाबत २००० सालचा निकाल महत्त्वाचा. त्या प्रकरणात आईबाप दोघेही नोकरी करीत होते आणि बापाचा पगार आईच्या सुमारे दुप्पट होता. न्यायालयाने प्रत्येक मुलाचा खर्च दरमहा ३००० रुपये धरला आणि तो बापाने दोन भाग व आईने एक भाग असा उचलावा असे सांगितले. म्हणजे आधी मुलाची गरज मोजायची, मग ती आईबापांच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटायची. समजा, बापाला २०,००० व आईला १०,००० रुपये मिळतात आणि दोन मुलांचा मिळून खर्च १२,००० आहे. तर बापाचे ८,००० आणि आईचे ४,०००. आई आपला वाटा घरातच खर्च करते, बापाने आपला तिच्याकडे पोहोचवायचा. पोप क्लेमेंट यांच्या निर्णयातील ‘दोघांनीही, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे’ हे शब्द येथे आकड्यांत उतरलेले दिसतात.

आई कमावती नसेल तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ साली सांगितलेली रीत उपयोगी पडते. कुटुंबाचे उत्पन्न ही एक भाकर समजा. कमावण्यासाठी त्याला स्वतःलाही खर्च येतो म्हणून बापाचे दोन वाटे, आईचा एक, प्रत्येक मुलाचा एक. बापाचे उत्पन्न २४,००० आणि मुले दोन असली तर वाटे झाले पाच, प्रत्येक वाटा ४,८०० रुपयांचा. बापाकडे ९,६०० राहतात आणि आई व मुलांकडे १४,४०० जातात. (न्यायालयाने भाकरीऐवजी केक म्हटले आहे, पण अर्थ तोच.) हे सूत्र देशभर बंधनकारक नाही. तरी चर्चेला बसलेल्या दोन घरांपुढे हा कागद ठेवला तर आवाज पुष्कळ खाली येतात, असा माझा अनुभव आहे. भांडण प्रायः रकमेवरून नसते. ती रक्कम कोणीतरी मनाला येईल तशी फेकली या अपमानावरून असते.

खरी अडचण वेगळीच आहे. मिळकत किती, हेच समोर येत नाही. पगाराची पावती ज्याच्याकडे आहे त्याचा हिशेब सोपा. साखर कारखान्याचा कायम कामगार, शिक्षक, एस. टी. चा कर्मचारी यांची मिळकत लपत नाही. पण आपल्या जिल्ह्यात असे किती? १९५० साली प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर सारा जिल्हा उसाच्या अर्थव्यवस्थेत आला. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांची मोजणी तेथे ‘कोयत्या’वर होते, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस हा ‘अर्धा कोयता’. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती जोडीला, आणि ती बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या हाती पडते. नवराबायको विभक्त झाली की कोयता मोडतो. नवरा म्हणतो, माझी कमाई निम्म्यावर आली आणि मागची उचल अजून फिटायची आहे. बायकोने पाचटात हात सोलून घेत केलेल्या कामाची तर कोठेही तिच्या नावाने नोंद नसते. येथे टक्के लावायचे ते कशावर? परदेशातील कोष्टके आपल्याकडे जशीच्या तशी का चालणार नाहीत, हे या एका कोयत्यावरून समजते. पण कोष्टक नाही म्हणून शेकडो मुलांना वर्षानुवर्षे क्षुल्लक रकमांवर ठेवले गेले, हेही तितकेच खरे.

या अडचणीवर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात मार्ग काढला. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्जे व खर्च शपथपत्रावर मांडलेच पाहिजेत, असा त्यात आदेश आहे. शपथपत्राचे नमुनेही निकालासोबत जोडले आहेत आणि त्यांतील एक खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे : जमीन किती, बागायत की जिरायत, पिके कोणती, दूध-कोंबड्यांचा जोडधंदा आहे काय, जनावरे किती. सात-बारावर नाव वडिलांचे आणि ऊस जातो मुलाच्या नावाने, ही आपल्याकडील जुनी युक्ती. शपथेवर उत्तर द्यायचे म्हटले की ती अवघड होते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, निकालाच्या तारखेपासून नव्हे, हेही त्याच निकालाने पक्के केले. त्यामुळे तारखा पाडून वेळ काढण्यातला फायदा गेला. धडधाकट पुरुषाला ‘मला काम नाही’ ही सबब पुरत नाही, अंगमेहनत करून का होईना त्याने बायकामुलांना पोसले पाहिजे, असे न्यायालयाने २०२२ साली पुन्हा बजावले. आज हे कलम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आहे. अर्ज तालुक्याच्या न्यायालयात, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे येथील माणसाला त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जाण्याचे कारण नाही.

हुकूम झाल्यावर पैसे आले नाहीत तर? थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणजे देणे फिटले, असा एक गोड गैरसमज पुरुषांत होता. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला. तुरुंग हा वसुलीचा मार्ग आहे, परतफेड नव्हे. मात्र या मार्गाने वसुली मागायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्या भगिनी संकोचाने दोन-दोन वर्षे थांबतात आणि हातचा उपाय घालवतात. पगारदारांच्या बाबतीत दिवाणी प्रक्रिया संहितेने आणखी एक भेद केला आहे. सावकाराच्या वा बँकेच्या देण्यासाठी पगार जप्त करताना पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र केवळ एक तृतीयांश सुरक्षित. लेकराचे देणे सावकाराच्या देण्याच्या आधी येते, हे येथे कायद्याने आकड्यांत मान्य केले.

आपल्या कॅथोलिक कुटुंबांत एक निराळाच घोटाळा आढळतो. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन होईपर्यंत नगर जिल्हा पुणे धर्मप्रांतात होता. विवाहाची प्रकरणे तेव्हा पुण्याला जात, आता नाशिकला. धर्मप्रांताच्या न्यायमंडळाने विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय दिला की काहींना वाटते, आता सगळेच संपले; लग्न नव्हते, तर मुलेही माझी नव्हेत. हे दोन्ही अंगांनी चूक आहे. विवाह वैध आहे अशा प्रामाणिक समजुतीतून झालेली मुले औरसच राहतात, असे ११३७ वा नियम सांगतो. आणि अवैधतेचा निर्णय देतानाच न्यायमंडळाने दोन्ही पक्षांना एकमेकांविषयीच्या व मुलांच्या पोषण-शिक्षणाविषयीच्या नैतिक आणि नागरी कर्तव्यांची आठवण करून द्यावी, असा १९८३ च्या संहितेत १६८९ वा नियम होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली केलेल्या सुधारणेनंतर तो १६९१ वा झाला. क्रमांक बदलला, कर्तव्य बदलले नाही. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, धर्मसभेच्या न्यायमंडळाच्या निर्णयाने नागरी कायद्यातील विवाह संपत नाही. तेव्हा नाशिकहून आलेला कागद दाखवून तालुक्याच्या न्यायालयातील पोटगी टाळता येत नाही.

पुनर्विवाहाच्या चौकशीच्या वेळी तर आम्हा धर्मगुरूंवरच जबाबदारी आहे. पूर्वीच्या संबंधातून झालेल्या मुलांविषयी ज्याच्यावर नैसर्गिक कर्तव्ये आहेत, अशा व्यक्तीचा विवाह स्थानिक धर्माध्यक्षांच्या परवानगीवाचून लावू नये, असा १०७१ वा नियम आहे. चौकशीचा अर्ज भरताना हा प्रश्न घाईने ओलांडला जातो. मुलगी पाहून झालेली असते, हॉल घेतलेला असतो, बँडवाल्याला विसार दिलेला असतो. पण हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत मुलाला कडेवर घेऊन एकट्याने आलेल्या आया दरवर्षी दिसतात. त्यांतील कोणाच्या हाती महिन्याकाठी काय पडते, हा प्रश्न तेथे, त्या अर्जावर, विचारला गेला पाहिजे. मागील वर्षभराच्या पोटगीच्या पावत्या मागण्यात काही कठोरपणा नाही.

एक गाठ अजून सुटलेली नाही. संहितेतील कलमाखाली मुलाची पोटगी वयाच्या १८ व्या वर्षी थांबते. अपवाद फक्त शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्यांचा. हिंदू मुलीला १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याच्या २० व्या कलमाखाली, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, लग्न होईपर्यंत बापाकडून पोटगी मागता येते, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा तिचा हक्क पुन्हा उचलून धरला. ख्रिस्ती मुलीसाठी तसे कलम नाही. १८६९ साली आपल्या लेकींची पोटगी तेराव्या वर्षी संपत होती, आज ती अठराव्या वर्षी संपते. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि बहुतेक मुलींचा अठरावा वाढदिवस तिच्या मागेपुढेच येतो. नर्सिंगच्या किंवा डी. एड. च्या प्रवेशाचे पैसे भरायचे असतात ते जून-जुलैमध्ये.